डावीकडे थोडं कमी

अठ्ठावीस वर्षं मी नाही म्हणायचा पगार घेतला. अंधेरीच्या एमआयडीसीत आमची कंपनी होती, दुकानांतले इलेक्ट्रॉनिक वजनकाटे बनवायची. त्यांत लागणारा बारीकसारीक माल बाहेरून यायचा आणि कारखान्यात जाण्याआधी माझ्या टेबलावर यायचा. कपॅसिटर, रेझिस्टर, स्विच, वायरी, सगळं. मी तो बघायची, मोजायची आणि मनाला पटला नाही तर 'रिजेक्ट'चा शिक्का मारून परत पाठवायची. माल पुरवणारे मला टरकून असत. दिवाळीला त्यांच्याकडून मिठाई यायची. एकाच्या काजूकतलीत काजू कमी आणि शेंगदाणा जास्त आहे, हे मी त्याला फोन करून सांगितलं होतं. पुढच्या वर्षीपासून तो सुकामेवा पाठवायला लागला. तोही मी निवडून घेतला.

कंपनी बंद झाली, मी घरी बसले, पण सवय काही सुटली नाही. बोरिवलीच्या मंडईत मी शिरले की भाजीवाल्या एकमेकींना खुणा करतात. एक भेंडी मोडून बघितल्याशिवाय मी पाव किलो घेत नाही. लेकीच्या लग्नाच्या वेळी मी तीन हॉल, दोन केटरर आणि एक भटजी परत पाठवले. जावई पास केला, पण त्याला अजून ते खरं वाटत नाही.

माझा नवरा नेमका उलटा. त्याला सगळं चालतं. तो आयुष्यभर पावलं वाजवत आलाय, आणि हे सांगितलं की लोकांना मी थट्टा करतेय असं वाटतं. सिनेमात नायिका जिना उतरताना जी टकटक ऐकू येते ती तिची नसते. शूटिंगच्या वेळी आवाज धड मिळत नाही, म्हणून नंतर स्टुडिओत पडद्याकडे बघत कुणीतरी तो पुन्हा काढतं. गोरेगाव-अंधेरीच्या स्टुडिओंत ते कुणीतरी म्हणजे बरेचदा माझा नवरा. त्याच्या दहा नंबरच्या पायांत बसतील अशा उंच टाचांच्या सँडल त्याने मुद्दाम शिवून घेतल्या आहेत. गोराईहून होडीतून आणलेली दोन गोण्या वाळू आमच्या गॅलरीत आहे, समुद्रकिनाऱ्यावरच्या गाण्यांसाठी. पहिल्यांदा घरी आलेला पाहुणा त्याची ती ट्रंकभर बायकी पायताणं बघतो आणि जरा लांबच बसतो.

आमचं लग्न प्रेमाचं, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. भांडताना तो मला, क्वालिटी कंट्रोलवरून, 'क्यूसी मॅडम' म्हणतो. मी त्याला काय म्हणते ते इथे लिहीत नाही.

मागच्या उन्हाळ्यात त्याने एकाएकी काम घेणं थांबवलं. फोन यायचे आणि तो सांगायचा, पाठ धरलीय, पुढच्या आठवड्यात बघू. पाठ ठणठणीत होती, कारण गॅसचा सिलिंडर तोच आत सरकवत होता. मी महिनाभर बघितलं आणि एका सकाळी पोहे खाताना सरळ विचारलं.

"काय झालंय?"

"कुठे काय?"

"पोह्यांत मीठ नाहीये आणि तू बोलला नाहीस. काय झालंय ते सांग."

मग त्याने सांगितलं. एका मालिकेचं काम चालू होतं. बाई आरशासमोर बसून बांगड्या उतरवते, एवढाच प्रसंग. त्याने आवाज दिला, परत ऐकला, ओके म्हणाला. रेकॉर्डिस्ट म्हणाला, दादा, मधे तुमची खुर्ची करकरली ना. ह्याला ती ऐकूच आली नव्हती. पुन्हा लावलं, तरी नाही. तिसऱ्यांदा तो नुसताच हो म्हणाला.

"दुसऱ्यांच्या चुका मी पकडायचो गं," तो म्हणाला. "पंख्याची घरघर, कुणाच्या घड्याळाची टिकटिक. आता माझ्याच बुडाखालची खुर्ची मला ऐकू येत नाही. कान गेले."

कानाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं तर ताट तसंच ठेवून तो गॅलरीत गेला. कागदावर आलं की संपलं, म्हणाला. त्याला भीती वाटत होती आणि त्याचं बघून मलाही वाटायला लागली. हा माणूस घरात कधी सरळ चालला नाही. स्वयंपाकघरात येताना हवालदारासारखा यायचा, बाथरूममधून नर्तकीसारखा. त्या महिन्यात तो मोज्यांत चालल्यासारखा चालत होता आणि मला ते सहन होत नव्हतं.

त्याच्याकडे एक जुना हेडफोन होता. ज्या स्टुडिओत तो सुरुवातीपासून काम करायचा तो बंद पडला, तेव्हा मालकाने त्याला तो आठवण म्हणून दिला. जड, काळा, टेलिफोनसारख्या पिळाच्या वायरीचा. खरं ऐकू येतं ते ह्याच्यातूनच, असं त्याचं ठाम मत. घरी त्याने तो मोबाइलला लावून स्वतःचं जुनं काम ऐकून बघितलं होतं. आवाज अगदी एवढासा आला. पुरावा मिळाल्यासारखा त्याने हेडफोन कपाटात ठेवून दिला होता.

मी तो काढला आणि भिंग लावून उलटासुलटा बघितला. आतल्या पट्टीवर सहाशे ओहम लिहिलेलं होतं.

"अरे वेड्या, ह्याला ढकलायला जोर लागतो," मी म्हणाले. "मोबाइलमध्ये तेवढा दम नसतो. ह्यात तुझ्या कानाचा काय संबंध?"

"स्टुडिओत तर झकास वाजायचा."

"तिथे मधे अँप्लिफायर असायचा."

"आणि खुर्ची?"

मी म्हटलं, आधी मधे अँप्लिफायर लावून नीट ऐक, मग खुर्चीचं बघू.

तयार अँप्लिफायर मिळतो. पण बंद डब्यात काय भरलंय ते दिसत नाही, आणि मी न बघितलेल्या मालावर मी त्याचे कान ठेवणार नव्हते. ह्यात एक मोठी भानगड होती. मशीन जरा जरी घरघरलं, किंवा एका बाजूने जरा जरी कमी वाजलं, तर हा माणूस मशीनला दोष देणार नाही, स्वतःला देणार. म्हणजे त्यात एकही नग खोटा जाऊन चालणार नव्हतं. मी ऑनलाइन किट मागवलं. एक छोटं सर्किट बोर्ड, पुड्यांमधून सगळे सुटे भाग आणि कसं जोडायचं त्याचा एक कागद. दोन बॅटऱ्यांवर चालणारं. सोल्डरिंगचे डाग मी देणार होते. कंपनीत ते माझं काम नव्हतं, पण हात बसलेला होता.

किट आलं तेव्हा मी गॅलरीत वर्तमानपत्र पसरलं आणि इनवर्ड, म्हणजे आलेल्या मालाची तपासणी, सुरू केली. आधी चिप. हल्ली जुन्या, स्वस्त चिपवरची अक्षरं घासून काढतात आणि वर महागड्या कंपनीचं नाव छापतात. कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन मी अक्षरं चोळली. गेली नाहीत. चिप पास. मग स्विच पन्नास वेळा दाबला. पास. नवरा दारात उभा राहून बघत होता. त्या महिन्यात पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर जरा हसू होतं.

"मीठ लावून पण बघ," तो म्हणाला.

मग आले मोठे कपॅसिटर. छोट्या गोल डब्यांसारखे दिसतात, बॅटरीतून येणारी वीज साठवून सावकाश सोडतात. सगळ्यात जास्त फसवाफसवी ह्यांच्यातच. बाहेर मोठा डबा, आत एवढासा माल. कंपनीत आमची पद्धत ठरलेली होती. हजाराचा लॉट आला की त्यातले काही नग काढायचे, त्यांतला एक करवतीने उभा कापायचा आणि आत काय आहे ते बघायचं. मी चारही कपॅसिटर हातात तोलले, त्यांतला एक उचलला, पकडीत धरला आणि कापला. आतली गुंडाळी भरगच्च, घट्ट, ओलसर. अगदी हवी तशी. मी समाधानाने म्हणाले, "लॉट ओके."

"लॉट केवढ्याचा होता?" नवऱ्याने विचारलं.

मी वर्तमानपत्राकडे बघितलं. लॉट चाराचा होता. बोर्डवर जागाही चारच होत्या.

"पण उरलेले तीन चांगले आहेत हे सिद्ध झालं," मी म्हणाले.

तो जो हसायला लागला तो खालीच बसला. वाळूच्या गोणीवर बसून, पोट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला राग आला आणि बरंही वाटलं. तो लगेच जिन्यापर्यंत जाऊन शेजाऱ्यांना सांगून आला. अजूनही कुणी आंबे आणले की तो विचारतो, मॅडम, पेटी कापून बघितली का?

चौथ्या कपॅसिटरसाठी मी लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेले. ह्या वेळी करवत पर्समध्ये घातली होती. पहिल्या दुकानातला माणूस मोबाइलवर बोलता बोलता म्हणाला, "ओरिजिनल आहे मॅडम, गॅरंटी."

"गॅरंटी कशाची?"

"एकदम जपानी."

मी दोन घेतले, पैसे दिले आणि त्याच्या काउंटरवरच एक कापला. मोठ्या डब्यातून एक छोटा कपॅसिटर बाहेर पडला, बाळंतपण व्हावं तसा. बाजूला उभी असलेली दोन कॉलेजची पोरं टाळ्या वाजवायची बाकी होती. दुकानदाराने फोन ठेवला.

"असं नाही करायचं ना मॅडम, दुकानात!"

"मग कुठे करू? घरी जाऊन करते आणि परत येते?"

त्याने मुकाट पैसे परत केले. समोरच्या गल्लीत एक म्हातारा दुकानदार होता, जाड चष्म्याचा, त्याने हा प्रकार लांबून बघितला असावा. मी पायरी चढायच्या आधीच त्याने विचारलं, "कौनसी कंपनी में थे आप?" मी सांगितलं. "इनवर्ड?" मी मान हलवली. त्याने पुढची बरणी बाजूला सारली आणि मागच्या खणातून एक पुडी काढली. हे आधीच पुढे का ठेवत नाही, असं मी विचारलं, तर म्हणाला, "आप जैसे कितने आते है अभी?" मी तिथेही एक कापला. तो अगदी शांतपणे बघत होता. आत माल भरगच्च होता. त्या कापलेल्या नगाचे पैसे मी देत होते, त्याने घेतले नाहीत, आणि वर कटिंग चहा पाजला. माझा तो दिवस फार छान गेला.

उरले रेझिस्टर. हे तांदळाच्या दाण्याएवढे असतात, निळसर अंगाचे, आणि त्यांच्यावर रंगांचे बारीक पट्टे असतात. कुठला रंग म्हणजे कुठला आकडा हे ठरलेलं. तपकिरी एक, लाल दोन, नारिंगी तीन, असं पुढे. पट्टे वाचले की किंमत कळते. नव्या मुली मीटर लावून एकेक मोजायच्या. मी नुसती नजर टाकायची आणि वाटीत ढकलायची. आमच्या टेबलावर माझा तोच मान होता. साहेबसुद्धा पाहुण्यांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, बघा, आमचं मीटर. त्यामुळे किटमधले रेझिस्टर मी मोजले नाहीत. मी ते वाचले, बोर्डच्या भोकांत बसवले आणि डाग दिले.

जोडायला तीन दुपारी लागल्या. चौथ्या दिवशी, रविवारी, बॅटऱ्या लावल्या. छोटा हिरवा दिवा लागला. मी आधी स्वतः ऐकलं. घरघर नाही, खरखर नाही, आवाज भरपूर. माझ्या कानांना ह्यापलीकडे काही कळत नाही. मी हेडफोन त्याच्या डोक्यावर ठेवला आणि त्याचीच एक जुनी क्लिप लावली, लाकडी जिन्यावरून कुणीतरी खाली येतंय अशी. दोन्ही कानांत सारखाच आवाज असलेली मुद्दाम निवडली होती.

त्याचा चेहरा उजळला. "आला," तो म्हणाला. "आयला, आला! तोच आवाज!" त्याने डोळे मिटले. आठ-दहा पायऱ्या गेल्या असतील, त्याची मान किंचित वाकडी झाली. मग त्याने डोळे उघडले, हेडफोन काढला आणि मांडीवर ठेवला.

"काय?"

"चांगला झालाय."

"काय ते सांग."

"डावीकडे थोडं कमी आहे," तो म्हणाला. "मशीन चांगलं झालंय गं. तू एवढी मेहनत घेतलीस. डावा कान आहे तो माझा."

मी हेडफोन घेऊन ऐकलं. मला दोन्हीकडे सारखंच वाटत होतं. म्हणजे एक तर त्याचा डावा कान गेला होता, नाहीतर मशीनमध्ये एवढासा फरक होता की तो मला ऐकू येत नव्हता आणि त्याला येत होता. दोन्हींतलं कुठलं ते कळायला एकच गोष्ट करायची होती. हेडफोन फिरवून उलटा घालायचा, डावा उजवीकडे. आवाज तरीही डाव्याच कानात कमी लागला तर कान. उजव्या कानात कमी लागला तर सामान.

त्याला हे माझ्याही आधी कळलं असणार. तो उठला आणि म्हणाला, चहा टाकतो.

"बस," मी म्हणाले.

"अगं, दूध उतू..."

"दूध फ्रिजमध्ये आहे. बस."

तो बसला. मी हेडफोन फिरवला आणि त्याच्या डोक्यावर ठेवला, तेव्हा त्याने माझा हात मनगटापाशी धरला. मी क्लिप लावली. जिना सुरू झाला. तो ऐकत होता आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत होते. खाली कुणीतरी कांदे-बटाटे म्हणून ओरडत होतं आणि मला त्याचा गळा दाबावासा वाटला.

"उजवीकडे," तो म्हणाला.

"काय उजवीकडे?"

"कमी. आता उजवीकडे कमी आहे."

मी ओरडलेच. आयुष्यात इतका माल परत पाठवला, पण कुठल्याही रिजेक्शनचा मला इतका आनंद झाला नव्हता. माझं मशीन खराब होतं! खात्री करायला मी हेडफोन थेट मोबाइलला लावला. दोन्हीकडे सारखाच बारीक, तो म्हणाला. म्हणजे हेडफोनही चांगला. दोष अँप्लिफायरमध्येच, आणि तो ह्याच्या 'गेलेल्या' कानांनी पकडला होता.

मग माझा पारा चढला. कुणी घातला हा खोटा माल? आधी संशय आवाज कमी-जास्त करायच्या बटणावर. पण बटण कुठेही ठेवलं तरी डावी बाजू तेवढीच कमी. मग चिपवर. मग त्या चौथ्या कपॅसिटरवर, आणि त्या बिचाऱ्या म्हाताऱ्या दुकानदाराला मी मनातल्या मनात बरंच बोलून घेतलं. किट विकणाऱ्यांना मी मोबाइलवर एक ईमेलही लिहायला घेतली, 'आपल्या मालाच्या दर्जाबद्दल' अशी सुरुवात करून. तोपर्यंत नवरा बोर्ड हातात घेऊन गॅलरीच्या कठड्यापाशी गेला होता, उन्हात. कागदावरचं चित्र आणि बोर्ड असं आलटून पालटून बघत होता. त्याला सर्किटमधलं ओ की ठो कळत नाही. तो नुसते रंग जुळवत होता.

"इथे नारिंगी-नारिंगी लिहिलंय," तो म्हणाला. "तू लाल-लाल लावलंयस."

"कुठे?"

"हे बघ. आणि दिव्याजवळ लाल-लाल हवं होतं, तिथे नारिंगी आहे."

"नारिंगीच आहे ते डावीकडचं. नीट बघ."

"लाल आहे गं."

"तू मला रंग शिकवणार?"

मी भिंग घेतलं. मला जे दिसत होतं ते मी सांगते. निळसर-मातकट दाण्यावर तपकिरीसारखे दोन पट्टे होते. त्याच्या शेजारच्या दाण्यावरही तसेच दोन होते. बोट ठेवून, हा लाल आणि हा नारिंगी, असं मी शपथेवर सांगू शकले नसते. मी म्हणाले, ऊन जास्त आहे. आत ट्यूबलाइटखाली नेऊन बघितलं आणि म्हणाले, प्रकाश कमी आहे. शेवटी एकेक पाय सोडवून मी दोघांना मीटर लावलं, जे आधीच लावायला हवं होतं. तो म्हणत होता तेच बरोबर निघालं. दोन दाण्यांची मी अदलाबदल केली होती. दिव्याला काय, कुठलाही चालला असता, तो लागलाच. डाव्या कानाचा आवाज मात्र तेवढा घटला.

मी सोफ्यावर जाऊन बसले. वर्षभरात मी दोनदा ट्यूबलाइट बदलली होती आणि दुकानदाराला खोटा माल विकतोस म्हणून झापलं होतं. बसचा नंबर मी शेजारच्या बाईला विचारायची आणि स्वतःला सांगायची, चष्मा घरी राहिला. सुईत दोरा ओवायला मी लेकीच्या येण्याची वाट बघायची. हे सगळं मला माहीत होतं. मी फक्त ते एकत्र ठेवून बघितलं नव्हतं, कारण बघितलं असतं तर त्यावर शिक्का मारावा लागला असता. मला लाज वाटली. त्याला मात्र मी डॉक्टरकडे चल म्हटलं होतं.

त्याने खुर्ची ओढून आणली, चष्मा लावला आणि म्हणाला, "मी रंग सांगतो, तू डाग दे." आम्ही तसंच केलं. तो वाचत होता आणि मी दोघांची जागा बदलत होते. मग त्याने ऐकलं. सरळ घालून ऐकलं, उलटं घालून ऐकलं, पुन्हा सरळ.

"एकदम मधोमध," तो म्हणाला.

त्याने रेकॉर्डिस्टकडून ती बांगड्यांची फाइल मागवून घेतली. मी समोर बसले होते. एक मिनिटभर तो हलला नाही, मग त्याने बोट वर केलं. "ही बघ. करकरली." त्या नव्या स्टुडिओतल्या हलक्या हेडफोनमध्ये ती मिसळून गेली असेल, की त्या दिवशी त्याला सर्दी होती, कोण जाणे. तो हसत सुटला, फाइल परत लावली, परत बोट वर केलं, आणि मला ऐकायला लावलं. मला अर्थातच काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी त्याने स्वतःहून फोन करून काम मागितलं. फोन ठेवल्यावर तो स्वयंपाकघरात हवालदारासारखा धाडधाड पावलं टाकत गेला, आणि मला रडू आलं.

दोन दिवसांनी तो म्हणाला, "मी कान दाखवतो, तू डोळे दाखव. एकाच दिवशी."

त्याच्या कानांचा कागद आला. वयाच्या मानाने उत्तम, थोडं बारीक आवाजांचं कमी, एवढंच. त्याने तो खिशात घातला आणि माझ्याबरोबर डोळ्यांच्या डॉक्टरकडे आला. बाई तरुण होत्या. त्यांनी औषध घालून, दिवा मारून दोन्ही डोळे बघितले आणि मोतीबिंदू असल्याचं सांगितलं, दोन्हीकडे, बराच पिकलेला. रंग मातकट दिसत असतील, लाल-नारिंगी कळत नसेल, म्हणाल्या. मी म्हणाले, हो, जरा.

"कधीपासून होतंय हे?" त्यांनी विचारलं.

"झाले असतील दोन-तीन महिने," मी म्हणाले.

नवरा शेजारच्या स्टुलावर बसला होता. त्याने मान वळवून नुसतं माझ्याकडे बघितलं. औषधामुळे मला त्याचा चेहरा धड दिसत नव्हता, पण तो बघतोय हे कळत होतं.

"नाही," मी म्हणाले. "दोन वर्षं झाली. कंपनी बंद व्हायच्या आधीपासून. शेवटचे काही महिने मी माल नीट बघत नव्हते, शेजारच्या मुलीला वाचायला लावायची आणि सही मी करायची."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं, त्यालाही नाही. डॉक्टरबाईंनी दोन वर्षं असं लिहून घेतलं आणि विचारलं, आधी कुठला डोळा करू या?

"डावा," नवरा म्हणाला, आणि माझा हात धरून बसला.